अर्ज त्याचा, नाव कुणाचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. नागपुरात नंदनवनला आमचं मसाल्याचं छोटं काम आहे. सासूबाईंनी 1997 साली ओळखीच्या एका खानावळीसाठी सावजी मसाला कांडून द्यायला सुरुवात केली. मागणी वाढली तसं त्यांनी एक नाव ठेवलं आणि पिवळ्या कागदावर डब्याचं चित्र असलेलं लेबल छापून घेतलं. आज इतवारी, महाल, सक्करदऱ्यापासून उमरेडपर्यंत साठ-सत्तर दुकानांत आमची पाकिटं जातात. सासूबाई 2019 मध्ये वारल्या. तेव्हापासून मी आणि माझे दीर मिळून काम पाहतो. भागीदारीचा कागद केला आहे, पण तो कुठे नोंदवलेला नाही. नावही कधी नोंदवलं नाही.

आमच्याकडे अकरा वर्षं एक मुलगा होता. माल पोचवायचा, वसुली करायचा, मला वहिनी म्हणायचा. घरातलाच होऊन गेला होता. 2022 च्या दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. पुढे आमच्याच नावामागे 'न्यू' लावून त्यानं स्वतःचा मसाला बाजारात आणला. तोच पिवळा रंग, तोच डबा, फक्त झाकण उघडं. 'सावजी' आणि 'नागपुरी' हे शब्दही उचलले. गेल्या महिन्यात मस्कासाथच्या एका दुकानात मी माल लावायला गेले, तर दुकानदार म्हणतो, 'काहून ताई, परवाच तर तुमचा माल उतरला!' एका बाईंनी त्याचं पाकीट आणून माझ्यासमोर आपटलं, की तुमच्या मसाल्याचा रंग आता हाताला लागतो.

आणि कहर म्हणजे त्यानंच आम्हाला वकिलाची नोटीस पाठवली आहे. नाव म्हणे त्याचं रजिस्टर आहे, आम्ही पंधरा दिवसांत वापरणं बंद करावं. मी रागाच्या भरात त्याला फोन केला आणि बोलून बसले, 'ठेव ते नाव तुझ्यापाशीच, मी दुसरं काढते.' यजमान म्हणतात, आपलं नोंदलेलंच नाही तर आपली बाजूच नाही. मुलगी म्हणते, नवीन नाव घे, लोगो मी बनवून देते. सासूबाईंची चिठ्ठ्याचपाट्यांची एक पत्र्याची पेटी या सफाईत रद्दीत द्यायला काढली होती, तेवढ्यात हे आलं. नाव बदलू का?

– एक मसालेवाली, नागपूर

उत्तर

ताई, नाव बदलू नका. आणि ती पेटी रद्दीवाल्याला देऊ नका.

सदर छापून येईपर्यंत नोटिशीचे दिवस उलटले असते, म्हणून एवढं तुम्हाला फोनवर आधीच कळवलं होतं. आता सविस्तर लिहितो. प्रकरण कोर्टात जाईल असं दिसतं, म्हणून तुमचं खरं नाव इथे घेत नाही. त्याला 'पितळी डबा' म्हणू आणि त्या मुलाच्या मालाला 'न्यू पितळी डबा'.

नोटिशीसोबत दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. त्याच्या पाकिटावर नावाच्या उजव्या खांद्याला वर्तुळातला इंग्रजी 'आर' बारीक छापला आहे. नोंदणी झालेल्या नावालाच तो लावता येतो. नोंदणी नसताना लावायला कायद्यानं मनाई आहे. आता नोटिशीचा तिसरा परिच्छेद बघा. त्याच्या वकिलानं क्रमांक दिलाय तो अर्जाचा. नोंदणी प्रमाणपत्राचा उल्लेख सगळ्या नोटिशीत कुठेही नाही. सोबत जोडलेली प्रतही अर्जाचीच. अर्ज केला म्हणजे नोंदणी झाली, असं बाजारात सर्रास समजलं जातं आणि अशा नोटिसा त्याच समजुतीवर चालतात. वेटिंगचं तिकीट हातात घेऊन बर्थवर बसलेल्या माणसाला उठवायला निघावं, तसा हा प्रकार. शिवाय जो माणूस तिथे 1997 पासून बसलेला आहे, त्याला.

तोच अर्ज थोडा खाली वाचा. हे नाव कधीपासून वापरता, असा एक रकाना त्यात असतो. आधीपासूनचा वापर सांगायचा तर सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यानं तारीख लिहिलीये 1 एप्रिल 2024. म्हणजे त्याच्याच सहीनं, शपथेवर, तो सांगतोय की त्याआधी या नावाशी त्याचा संबंध नव्हता. तुमच्या बाजूचा पहिला पुरावा त्यानं स्वतःच टपालानं घरपोच पाठवला आहे. नोटीस लिफाफ्यासकट जपून ठेवा.

यजमान म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. ट्रेडमार्क कायदा 1999 चा, लागू झाला 15 सप्टेंबर 2003 पासून. त्याच्या कलम 27 मध्ये पहिलंच वाक्य असं की, नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा करता येत नाही. लोक इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्याच कलमाचं दुसरं वाक्य सांगतं की, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क या कायद्यानं कुठेही कमी होत नाही. यालाच वकील मंडळी 'पासिंग ऑफ' म्हणतात. तुमचा दावा हा. आणि गंमत बघा, पहिल्या वाक्याचा फटका आज तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त बसतो. नोंदणी होत नाही तोवर उल्लंघनाचा दावा त्यालाही करता येत नाही, आणि पासिंग ऑफचा करायला गेला तर आधीचं कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघतो.

पासिंग ऑफमध्ये तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नावाला तुम्ही कमावलेली पत आहे. समोरच्याच्या नावामुळे किंवा पाकिटामुळे गिऱ्हाइकाची फसगत होते किंवा होण्याजोगी आहे. आणि त्यात तुमचं नुकसान आहे. लिंबाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटलीवरून इंग्लंडमध्ये गाजलेल्या 1990 च्या खटल्यात ही तिकडी नीट मांडली गेली आणि आपली कोर्टंही तिच्यावरच चालतात. मस्कासाथचा दुकानदार ही तुमची दुसरी गोष्ट आहे. पाकीट आपटणाऱ्या बाई ही दुसरी आणि तिसरी, दोन्ही. त्या बाईंचा राग आला असेल, पण त्यांचा पत्ता लिहून घ्या, त्यांच्यासारखा साक्षीदार विकत मिळत नाही. ते पाकीटही तसंच राहू द्या. त्यांनी फोडलेलं आहे, हरकत नाही, वर तारीख लिहून पिशवीत बंद करा. शिवाय दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांतून त्याची न फोडलेली पाकिटं विकत घ्या, पण बिल घेऊन. बिल न देणाऱ्या दुकानातून घेतलेलं पाकीट भाजीत टाकायच्या कामाचं, कोर्टाच्या नाही.

आता समजा त्याचा अर्ज उद्या मंजूर झाला. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तरीही घाबरू नका. कलम 34 सांगतं की, नोंदणीवाल्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या, दोन्ही तारखांच्या आधीपासून जो अखंड वापर करतोय, त्याला नोंदणीवाला अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या हलव्याचा खटला इथे सांगण्यासारखा आहे. तिथे 'इरुट्टुकडै' म्हणजे अंधाऱ्या दुकानाचा हलवा फार प्रसिद्ध. मंद दिव्यात चालणारं दुकान, म्हणून लोकांनीच ठेवलेलं नाव. दुसऱ्या एकानं पुढे 'तिरुनेलवेली' जोडून तेच नाव घेतलं आणि माझ्याकडेही नोंदणी आहे म्हणून उभा राहिला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो जुन्या दुकानाच्या बाजूनं. नोंदणी आधीपासून असलेला हक्क फक्त मान्य करते, हक्क जन्माला घालते तो वापर. त्यामुळे नोंदणीवाल्याविरुद्धही पासिंग ऑफचा दावा चालतो. 'तिरुनेलवेली'च्या जागी 'न्यू' घाला, तुमचंच प्रकरण.

पण या सगळ्याचा पाया एकच, तुमचा वापर आधीचा आहे हे दिसलं पाहिजे. 'सगळ्या इतवारीला माहीत आहे' हे कोर्टात चालत नाही. इतवारीला शपथेवर आणावं लागतं, आणि तिच्या हातात कागद लागतो.

म्हणून ती पेटी. तुमच्या धंद्यात कच्च्या चिठ्ठ्यांवर किती माल फिरतो ते मला माहीत आहे आणि जीएसटी जुलै 2017 पासून आला, त्याआधीची पक्की बिलं तुमच्याकडे फारशी नसणार. तरी हरकत नाही. सगळ्यांत आधी लेबल छापणाऱ्या प्रेसचं बिल शोधा. नाव, चित्र आणि तारीख एकाच कागदावर आणणारं त्याच्याइतकं दुसरं काही नाही. प्रेसवाल्याकडे जुना ब्लॉक किंवा त्याच्या वहीत नोंद असेल तर त्याला प्रतिज्ञापत्र द्यायला विनंती करा. अन्न परवान्याची कागदपत्रं, त्यांवर धंद्याचं नाव असतं. खानावळींची खातेवही. कांडप करून देणाऱ्या गिरणीची डायरी. एखाद्या प्रदर्शनात स्टॉल लावला असेल तर त्याचा फोटो, मागे फलक दिसत असेल तर उत्तम. गणेशोत्सवाच्या मंडळाला जाहिरात दिली असेल तर त्यांची ती स्मरणिका. नागपुरात अशा स्मरणिकांनी भल्याभल्यांना वाचवलंय. बँकेत धंद्याच्या नावानं खातं असेल तर ते उघडल्याची तारीख. आणि पाच-सात जुने दुकानदार, जे सांगतील की सासूबाई असतानापासून हे पिवळं पाकीट आम्ही विकतो. त्या मुलाच्या हातचे वसुलीचे कागद पेटीत निघाले तर वेगळे काढा. 'पितळी डबा' असं छापलेल्या पावतीपुस्तकावर त्याची स्वतःची सही 2014 सालची असेल, तर 2024 ला हे नाव मला सुचलं, असं सांगताना त्याला बरीच कसरत करावी लागेल.

वर्षवार गठ्ठे करा. लॅमिनेशन करू नका, टाचण्या काढू नका. माझ्याकडे एकदा एक पक्षकार पुसट झालेली तारीख निळ्या पेननं व्यवस्थित गिरवून आला होता, वाचायला सोपं जावं म्हणून. भाबडेपणानंच केलं होतं बिचाऱ्यानं. पण त्यानंतर ते बिल आम्हाला कोर्टात दाखवता आलं नाही.

नावं सारखी आहेत का, याची चिंता मला वाटत नाही. तो म्हणेल, माझ्या नावात 'न्यू' आहे, माझा डबा उघडा आहे. कोर्ट दोन पाकिटं शेजारी-शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावरून झालेल्या 1972 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं की, एकंदर ठसा सारखा आहे का ते बघायचं. त्याच्याही आधी 1962 मध्ये 'अमृतधारा' विरुद्ध 'लक्ष्मणधारा' हे औषधांच्या नावांचं प्रकरण झालं होतं. साधा गिऱ्हाईक, अर्धवट आठवण, घाईत केलेली खरेदी, या मापानं दोन्ही नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत, असं न्यायालयानं म्हटलं. पण त्या निकालाचा पुढचा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. 'अमृतधारा'वाले वर्षानुवर्षं बघत राहिले होते, म्हणून 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. सारखेपणा सिद्ध करूनही हातातलं गेलं.

तुम्ही 2024 पासून त्याचं पाकीट बघताय. नुसत्या उशिरानं मनाई हुकूम नाकारू नये, असं 'लक्ष्मणरेखा' या खडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये सांगितलेलं आहे, विशेषतः समोरच्याची दानत खोटी असेल तेव्हा. अकरा वर्षं तुमच्या दुकानी राहून तेच नाव उचलणारा माणूस 'मला ठाऊक नव्हतं' म्हणू शकत नाही. तेव्हा वेळ गेलेली नाही. पण आता एकेक महिना त्याच्या बाजूला मोजला जाईल.

आता तुम्हाला न आवडणाऱ्या काही गोष्टी.

'सावजी' आणि 'नागपुरी' हे शब्द सोडून द्या. सावजी हे कोष्टी समाजाचं, त्यांच्या स्वयंपाकाचं नाव, ते ना तुमचं ना त्याचं. गावाचं नाव आणि मालाचा प्रकार सांगणारे शब्द सगळ्यांनाच वापरता येतात. या दोन शब्दांचा हट्ट धरलात तर न्यायाधीशांना वाटेल, बाईंना बाजारच अडवायचा आहे. 'पितळी डबा', पिवळा रंग आणि डब्याचं चित्र, एवढ्यावरच उभ्या राहा. मसाल्याला हे नाव कशाचंच वर्णन करत नाही आणि तीच त्याची ताकद. सासूबाईंना कुणी वकील भेटला नव्हता, तरी नाव मोठं हुशारीनं ठेवलं त्यांनी.

तुमच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला 'अस्सल भिवापुरी मिरचीपासून' असं छापलंय. खरं आहे का? भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, ते ज्याला त्याला वापरता येत नाही. कळमन्याच्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून गुंटूरची मिरची भरत असाल, तर दावा लावण्याआधी ही ओळ पाकिटावरून काढा. 1842 साली लंडनमध्ये केसांच्या मलमावरून खटला झाला होता. पासिंग ऑफचं तत्त्व सांगताना वकील आजही त्याचाच दाखला देतात. पण ज्यानं दावा लावला त्याला मनाई हुकूम मिळाला नाही, हे सांगायला विसरतात. कारण कृती दुसऱ्या कुणाकडून विकत घेतलेली असताना, ती एका नामांकित जर्मन विद्वानाची आहे अशी जाहिरात तो स्वतःच करत होता. फसवणुकीविरुद्ध दाद मागायला येणाऱ्याचं स्वतःचं पाकीट कोर्ट उलटून बघतं.

आणि मालकी. भागीदारी नोंदलेली नाही म्हणून दावा अडतो का? याचं उत्तर आपल्या नागपूरकरांच्या ओळखीच्या नावानं मिळतं. हल्दीराम भुजियावालाच्या खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेलाही पासिंग ऑफचा दावा करता येतो. तो करारातून आलेल्या हक्काचा दावा नाही, म्हणून भागीदारी कायद्याचं कलम 69 आड येत नाही. तेव्हा ती अडचण नाही. अडचण दुसरीच आहे. हे नाव सासूबाईंचं होतं. त्या मृत्युपत्र न करता गेल्या असतील, तर वारस तुमचे यजमान, दीर, सासरे असतील तर ते, आणि नणंद असेल तर तीही. तुम्ही राबलात, पण सून म्हणून त्या यादीत तुम्ही येत नाही. नणंदेचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. असेल तर तिच्याशी आज गोड आहे तोवर बसा आणि सगळ्या वारसांच्या सहीनं नाव आणि त्याची पत भागीदारी संस्थेकडे दिल्याचा लेख करून घ्या. दावा चालू असताना समोरच्या वकिलानं नणंदेला गाठलं की मग ती गोडी विसरा.

फोनवर बोललात त्याबद्दल. 'ठेव ते नाव तुझ्यापाशीच' हे वाक्य त्यानं रेकॉर्ड केलं असेल असंच धरून चाला. तुम्ही नाव सोडून दिलं, संमती दिली, असं तो म्हणेल. तुमच्या वकिलाला हे पहिल्या भेटीत, पहिल्या दहा मिनिटांत सांगा. लपवू नका, उलटतपासणीत कळलं तर वकिलाचा घाम निघेल. माझ्या मते या वाक्यात फारसा दम नाही. रागात बोललात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा माल दुकानांत गेला. त्या दिवसाच्या आणि पुढच्या आठवड्याच्या माल पोचल्याच्या पावत्या मात्र बाजूला काढा, कारण नाव सोडलं नव्हतं हे त्याच सांगतील. यापुढे त्याला फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही. दुकानदारांच्या ग्रुपवर 'चोर' वगैरे लिहिणं तर मुळीच नाही. त्यातून बदनामीची वेगळी केस उभी राहते आणि लक्ष तिकडे जातं.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फत, मुदतीत. त्यात 1997 पासूनचा वापर, त्यानं तुमच्याकडे केलेली नोकरी आणि खोटा 'आर', या तिन्हींचा उल्लेख हवा. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 142 खाली तुम्हालाही दावा करता येतो, तेही उत्तरात येऊ द्या. लगेच करायलाच हवा असं नाही.

त्याच्या अर्जाची स्थिती ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून फुकट बघता येते. मुलीला हे काम द्या, लोगोपेक्षा उपयोगाचं आहे. अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की तेव्हापासून 4 महिन्यांत विरोध दाखल करावा लागतो. ही मुदत कुणाच्या विनंतीवरून वाढत नाही. जर्नल दर सोमवारी निघतं, तेव्हा दर सोमवारी संध्याकाळी एकदा बघायचं. विरोधाची मुदत हुकली आणि नोंदणी झालीच, तर ती रद्द करून घेण्याचा रस्ता उरतो, पण तो लांबचा आणि खर्चाचा.

सोबत तुमचा स्वतःचा अर्जही जाऊ द्या. अर्जासाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाल्यासाठी वर्ग 30. नुसत्या नावाचा एक आणि लेबलाचा एक, असे दोन करा. उद्या पाकिटाचा रंग बदललात तरी नाव सुरक्षित राहतं. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये आहे, बाकीच्यांना 9,000. त्यासाठी छोट्या उद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र काढून ठेवा. अर्जात वापर 1997 पासून लिहा, पण कागद पहिल्यांदा ज्या वर्षीचा सापडेल ते वर्षही वकिलाला सांगा, दोन्हींत ओढाताण नको. नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. सिव्हिल लाइन्सला बौद्धिक संपदेची राजीव गांधींच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जाऊन लोक ट्रेडमार्कचा अर्ज मागतात. ती प्रशिक्षणाची संस्था. आपला अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे जातो आणि घरबसल्या करता येतो.

दावा कुठे? ट्रेडमार्कचा कुठलाही दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाचं खंडपीठ असलं तरी असा दावा थेट तिथे लागत नाही, जिल्हा न्यायालयातच लावायचा. तो मुलगा नागपुरातच राहतो, माल इथेच विकतो, म्हणून तुम्हाला गाव सोडावं लागणार नाही. दाव्याची किंमत 3 लाख किंवा जास्त असेल तर व्यावसायिक न्यायालयांचा कायदा लागतो. त्यात दावा लावण्याआधी मध्यस्थी सक्तीची, तातडीचा मनाई हुकूम मागायचा असेल तर मात्र नाही. तुम्हाला तो मागायचाच आहे. तात्पुरता मनाई हुकूम हेच या खटल्यांचं खरं मैदान. तो मिळाला की समोरचा बहुतेक वेळा नाव बदलून तडजोडीला येतो. निकालापर्यंत वर्षानुवर्षं लढायची हौस कुणालाच नसते. त्याचा साठा आणि छापलेली पाकिटं मोजून ताब्यात घ्यायला कोर्ट आयुक्त नेमू शकतं, तेही मागून ठेवा.

पोलिसात जाऊ का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणानं आपल्या मालाला लावणं हा गुन्हा आहे, पण कोण आधीचं हाच वाद असताना पोलीस ठाण्यात तुमचे फक्त दिवस जातील. आधी मनाई हुकूम.

तडजोडीचा निरोप येईल, बहुधा एखाद्या जुन्या दुकानदारामार्फत आणि बहुधा असा की, 'तू उमरेड रोड घे, तो इतवारी घेतो, नाव दोघांचं.' हे घेऊ नका. त्यानं नाव आणि डबा सोडायचा, अर्ज मागे घ्यायचा, उरलेली पाकिटं संपवायला ठरावीक दिवसांची मुदत मागितली तर ती द्या. मसाला त्याला खुशाल करू द्या. कांडायला तुमच्याकडेच शिकला असला तरी ती विद्या त्याच्याकडून काढून घेता येत नाही आणि घेऊही नये.

पेटी उघडाल तेव्हा यजमानांना आणि दिरांना सोबत बसवा, आणि वर काय, खाली काय, ते बाहेर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.